शुक्रवार ते सोमवार

जहाजं दोन होती आणि नवरा-बायकोचं मत एकावरही जुळत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर कळवायचं होतं आणि आज रविवार उजाडला होता. दोन्ही कंपन्यांची माहितीपुस्तकं आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडलेली. एकावर लाल धुराड्याचं जहाज, मागे बर्फाचे कडे. दुसऱ्यावर पांढरंशुभ्र जहाज आणि हिरवी बेटं. बाई चहाचा कप मुद्दाम बेटांवर ठेवायच्या. काका तो उचलून बर्फावर ठेवायचे. भांडण त्या पातळीला आलं होतं.

बाई म्हणजे शाळेतल्या लॅबवाल्या बाई. सत्तावीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर लेबलं लावण्यात आणि मुलांच्या हातून फुटलेल्या परीक्षानळ्या गोळा करण्यात गेली. लेबल निघालेली बाटली दिसली की त्या सरळ मोरीत ओतत, मग आत साधं पाणी का असेना. काकांना सगळे लिफ्टकाका म्हणत. शहरातल्या निम्म्याशिम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून विनोद सांगत सांगत ते दुरुस्ती करायचे. "आतला माणूस हसला की तो गुदमरत नाही," असं त्यांचं शास्त्र होतं.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, काका डायलिसिसच्या खुर्चीत. डाव्या हातातून रक्त बाहेर यायचं, मशीनमध्ये धुऊन निघायचं, परत आत जायचं. मधल्या दिवसांत पाणी मोजून एक लिटर, त्यातच चहा, त्यातच औषधाच्या गोळ्यांवरचे घोट. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदय दगा देतं, म्हणून बटाटा चिरून तासन्‌तास भिजवल्याशिवाय पातेल्यात पडत नसे. पाच वर्षांत ते शहर सोडून एक रात्रही बाहेर राहिले नव्हते.

हे समुद्राचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शेजारच्या खुर्चीमुळे. त्या खुर्चीत पोस्टातला एक माणूस असायचा. तो दर बुधवारी म्हणायचा, पुढच्या वर्षी जहाजातून जाणार. एका बुधवारी त्या खुर्चीत दुसराच कोणीतरी बसलेला होता. काका घरी आले आणि बूट न काढताच म्हणाले, "अगं, आयुष्यभर वर-खाली केलं. एकदा आडवं जायचंय. लांब."

बाईंनी तेव्हा हो म्हटलं, कारण तो विचार तीन दिवसांत विरून जाईल असं त्यांना वाटलं होतं. विरला नाही. मग त्यांनी स्वतःच कंबर कसली आणि प्रवास कंपनीच्या ऑफिसात चार खेपा घालून लाल धुराड्याचं जहाज शोधून काढलं. त्या जहाजावर डायलिसिसची सोय होती. आठ खुर्च्या, एक किडनीचा डॉक्टर, दोन नर्स. दहा दिवस, उत्तरेकडे. शेवटची जागा गुरुवारपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. काकांनी ते पुस्तक चाळलं, मिटलं, आणि दोन दिवसांनी कुठूनतरी पांढऱ्या जहाजाचं पुस्तक घेऊन आले. आठ दिवस, पाच बेटं. मशीन नाही.

"तिथे बेटांवर दवाखाने असतात," ते म्हणाले. "उतरायचं, चार तास बसायचं, परत चढायचं."

"आणि खुर्ची मिळाली नाही तर?"

"मिळेल."

"कशावरून?"

"तू ना, देवालासुद्धा पावती मागशील."

रविवारी संध्याकाळी बाई सोमवारची पिशवी भरायला बसल्या. खुर्चीत थंडी वाजते म्हणून पांघरूण, कानात घालायच्या वायरी, पायमोजे. पांघरुणाची घडी नीट करायला त्यांनी ती झटकली तर आतून चार घड्या केलेले कागद पडले.

पहिला कागद पांढऱ्या जहाजाच्या कंपनीच्या फॉर्मची झेरॉक्स. भरलेला. काकांचं अक्षर सुरेख होतं, लिफ्टच्या दारावर सूचना लिहून लिहून वळण आलेलं. 'नियमित वैद्यकीय उपचार चालू आहेत काय?' या प्रश्नापुढे त्यांनी त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'. दुसरा कागद एका बेटावरच्या दवाखान्याचा: त्या दिवशी खुर्ची रिकामी असली तर देऊ, आधी शब्द देता येणार नाही. तिसऱ्या कागदावर पट्टीने आखलेलं कोष्टक. दिवस पहिला, आठशे. दिवस दुसरा, सहाशे. दिवस तिसरा, पाचशे. शेवटच्या ओळीत, 'बंदर हुकल्यास चारशे'.

बाईंनी कोष्टक दोनदा वाचलं. आकडे मिलिलिटरचे आहेत हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

काका बाल्कनीत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. बाईंनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"हा फॉर्म पाठवलात?"

काकांनी वर पाहिलं नाही. "शुक्रवारी."

"खोटं लिहून?"

"खरं लिहिलं असतं तर त्यांनी घेतलं असतं का? चाळीस कागद मागितले असते आणि शेवटी कानांवर हात ठेवले असते."

"मग कशासाठी ठेवले असते, ते कळतंय ना तुम्हाला? वारा सुटला, जहाज बेटाला लागलंच नाही तर? फुफ्फुसांत पाणी भरलं तर? जहाजावरचा डॉक्टर तुमचा कागद बघणार, त्यावर तुम्ही धडधाकट!" बाईंचा आवाज चढला. शेजारची खिडकी लागल्याचा आवाज आला. "मी काय करायचं? तुमची बॅग आणि माझी बॅग घेऊन एकटीने बंदरात उतरायचं?"

"अगं, हळू."

"हळू कशाला? लोकांना कळू दे. जहाजावरच डॉक्टर, नर्स, खुर्चीची सोय सोडून चारशे मिली पाण्यावर जगायला निघालाय माणूस."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज खालीच राहिला. "त्या तुझ्या लाल जहाजावर कोण असणार माहितीये? माझ्यासारखे आणखी सात. सकाळी कोणाचं पोटॅशियम किती, संध्याकाळी कोणाचा हात सुजला. वॉर्डाला धुराडं लावलं म्हणजे त्याचं जहाज होत नाही. मला आठ दिवस पेशंट नसायचंय. एवढंच."

"आणि मला?" बाई म्हणाल्या. "मी पाच वर्षं तुमचा श्वास ऐकत झोपते. मला आठ दिवस ती भीती नकोय. माझं एवढंच."

पंखा तसाच उघडा राहिला आणि घरात अबोला धरला गेला. सोमवारी काका रिक्षाने एकटेच डायलिसिसला गेले. मंगळवारी बाईंनी लॅबमध्ये दोन मुलांना इतकं रागावलं की विज्ञानाचे सर आत डोकावून गेले. मुलांनी फक्त बर्नर चालू ठेवला होता.

बुधवारी बाईंनी सुट्टी टाकली आणि न विचारताच काकांबरोबर गेल्या. काका खुर्चीत बसून डोळे मिटेपर्यंत त्या थांबल्या, मग सिस्टरना कोपऱ्यात गाठलं. सिस्टर तीस वर्षं त्याच वॉर्डात होत्या. गोड बोलणं त्यांच्या गावी नव्हतं आणि त्यामुळेच त्यांचं खरं वाटायचं.

"सिस्टर, एक दिवस चुकला तर काय होतं हो?"

"कोणाचा? यांचा?" सिस्टरनी काकांकडे पाहिलं. "एखाद्याला काही होत नाही. एखादा येतो तो ॲम्ब्युलन्समधून. कोण कुठला, हे आधी सांगता येत नाही."

"ते आठ दिवसांचं ठरवतायत. मध्ये मिळेल तिथे करू म्हणतात."

"मिळेल तिथे?" सिस्टर हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "हे काय केस कापायचं आहे? बाई, आमचे पेशंट आठवड्यातून एकदाच लांब ताणतात, शुक्रवार ते सोमवार. तेवढं शरीराला सवयीचं झालंय, आणि तेही तोंडावर ताबा असला तर. त्यापुढे एक दिवससुद्धा मी माझ्या शत्रूला सांगणार नाही."

शुक्रवार ते सोमवार. बाई ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत जिन्यापर्यंत आल्या, आणि तिथेच थबकल्या. मग त्या उतरून रस्ता ओलांडून थेट प्रवास कंपनीच्या ऑफिसात गेल्या.

तिथल्या मुलीला बारा महिने सर्दी असायची. नाकाला रुमाल लावूनच ती जगाच्या टोकाला माणसं पाठवायची.

"शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी परत येणारं काही आहे का?"

"काकू, तुमची लालवाल्याची जागा उद्या पाचला सुटतेय, लक्षात आहे ना?"

"आहे. तुम्ही हे बघा आधी."

मुलगी बराच वेळ संगणकात बघत राहिली. "आहे एक. पण पहिल्या प्रवासाला मी कोणाला देत नाही. जुनं जहाज, लहानशी कंपनी. खाली ट्रक नेतात, वर माणसं. ना नाचगाणं, ना पोहायचा तलाव. एकच बंदर, तिथे रविवारी सहा तास. बेट-बिट काही नाही हो. लोक नावं ठेवतात नंतर."

"डॉक्टर असतो?"

"एक असतो. फॉर्म मात्र त्या डॉक्टरकडेच जातो, तो स्वतः वाचतो. नाही म्हणाला तर संपलं."

"किती दिवसांत सांगतो?"

"आठ-दहा दिवस."

म्हणजे उद्याच्या पाचच्या आत काही कळणार नव्हतं. लाल जहाज धरून ठेवलं तर काका पांढऱ्यावरून हटणार नव्हते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि लाल सोडलं तर हाती काहीच नव्हतं. त्या फॉर्म घेऊन घरी आल्या.

गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांनी अबोला मोडला. टेबलावर नव्या जहाजाची माहिती आणि फॉर्म ठेवून म्हणाल्या, "हे बघा."

काकांनी वाचलं. "तीन रात्री? ट्रकांबरोबर?"

"शुक्रवारी अकराला तुमचं उरकतं. तीनला जहाजावर. सोमवारी सहाला परत, बाराच्या पाळीत खुर्ची. सिस्टरना मी फोन करून विचारलंय. मधे एकही सुई नाही, एकही नर्स नाही. तीन दिवस तुम्ही कोणाचे पेशंट नाही."

"आठाचे तीन झाले."

"हो."

"बेटं गेली."

"गेली. माझी दहा दिवसांची झोपही गेली. लाल जहाज सोडून द्यायला मी तयार आहे. पण फॉर्मवर खरं लिहायचं. तो डॉक्टर नाही म्हणाला तर आपण घरी बसायचं, आणि तुम्ही पांढऱ्या जहाजाचं नावसुद्धा काढायचं नाही."

काका खुर्चीवरून उठले, बाल्कनीपर्यंत गेले, परत आले. घड्याळात साडेचार वाजले. फोन टेबलावर होता आणि दोघंही त्याच्याकडे बघत होते.

"तो नाही म्हणाला तर तुझंही गेलं आणि माझंही," काका म्हणाले.

"तेच म्हणतेय."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. पण निदान दोघांचं सारखंच जाईल."

काकांनी नाकातून श्वास सोडला. त्यांच्या हसण्याची ती सुरुवात असायची. ते हसले मात्र नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि फॉर्म ओढून घेतला. उपचारांच्या रकान्यात त्यांनी सगळं लिहिलं. डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर, म्हणजे फिस्टुला, मग औषधं, वजन, पाणी. जागा पुरली नाही म्हणून कागद उलटून मागे लिहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाईंनी त्या सर्दीवाल्या मुलीला फोन करून लाल जहाज सोडलं. लगेच काकांनी पांढऱ्या जहाजाच्या ऑफिसात फोन लावला आणि आपलं नाव काढून घेतलं. मग दोघं रिकाम्या हातांनी समोरासमोर बसले.

पुढचे नऊ दिवस जीव टांगणीला होता. फोन वाजला की दोघंही एकदम उठत. दहाव्या दिवशी जहाजाच्या डॉक्टरचा फोन आला. घोगरा, थकलेला आवाज. त्याने काकांना वीस मिनिटं फैलावर घेतलं. शेवटचा रिपोर्ट कधीचा? कधी सोमवार चुकला आहे का? पायावर सूज येते का? मग म्हणाला, "हे सगळं तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो."

"माणसं इतकं लिहीत नाहीत. या. चढल्या चढल्या आधी मला भेटायचं, मग केबिन."

जहाज खरंच जुनं होतं. जिन्यांच्या कडा पायांनी झिजलेल्या, केबिनमध्ये एकाने उभं राहिलं तर दुसऱ्याने पलंगावर बसायचं. काकांनी चढल्याबरोबर डॉक्टरला तोंड दाखवलं आणि तिथून जे सटकले ते तासाभराने सापडले. जहाजाच्या मालवाहू लिफ्टपाशी उभे राहून ते एका खलाशाला दोर बदलायची वेळ झाल्याचं समजावून सांगत होते.

शनिवारी सकाळी समुद्र उचलला. बाईंनी न्याहारीची बशी पुढे ओढली आणि तशीच मागे सारली. केबिनपर्यंत त्या भिंतीला धरून गेल्या. पुढचे सात-आठ तास त्यांनी बादली सोडली नाही. मान वर केली की छत फिरायचं, डोळे मिटले की पोट. मरण आलं तर बरं, असं त्या खरोखर म्हणाल्या.

काका त्यांच्या उशाशी बसून राहिले. बादली त्यांनी धुतली, ओला रुमाल त्यांनी कपाळावर ठेवला, डॉक्टरकडून गोळी त्यांनी आणली. वाटीतून चमच्याने पाणी पाजताना ते म्हणाले, "पी बाई, पी. माझ्या वाटणीचंही पी. मी हिशेबातलं तुला दिलं."

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्याने पुन्हा ढवळून आलं. काकांनी बादली पुढे केली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांमधला आजारी माणूस दुसराच होता. काका इतके खुशीत होते की बाईंना त्यांचा रागही आला.

रविवारी बंदर आलं. एक लांबलचक धक्का, गोदामं, एक दीपगृह, आणि एक बाक. काका त्या बाकावर दोन तास बसले. येणारी-जाणारी जहाजं बघत त्यांनी बर्फाचा एक खडा चोखला, आणि उठताना एवढंच म्हणाले, "लांब आलो गं."

सोमवारी पहाटे बाईंना जाग आली ती शांततेने. यंत्रांची घरघर थांबली होती. खिडकीबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. सहा वाजता कर्ण्यावरून घोषणा झाली. दाट धुकं आहे, बंदर बंद आहे, जहाज नांगर टाकून थांबलं आहे. किनारा तीन मैलांवर होता आणि दिसत नव्हता.

आठ वाजले. दहा वाजले. बाईंनी सिस्टरना फोन लावला.

"बाराची खुर्ची जाणार असं दिसतंय."

"जाऊ दे. पाचची ठेवते मी. पण बाई, पाचची जाऊ देऊ नका. श्वास कसा आहे?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. ते पलंगावर उशा रचून टेकून बसले होते. आडवं झोपता येत नाही हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण बाईंना दिसलं. बोटाने त्यांनी काकांची नडगी दाबली. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"रविवारी काय प्यायलात?"

"ठरलं तेवढंच."

"खरं सांगा."

"दोन वाट्या सूप," काका म्हणाले. मग पाय पांघरुणात ओढून घेत, "तीन."

डॉक्टर एका पायाने लंगडत आला. त्याने काकांना खाली खोलीत नेलं, वजन केलं, छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढला. आलेखाची पट्टी त्याने दिव्याखाली धरली. बाईंनी सत्तावीस वर्षं काचेवरच्या खुणा वाचल्या होत्या. पट्टीवरच्या लाटा टोकाला निमुळत्या होत गेल्या होत्या, हे त्यांनाही दिसलं.

"पोटॅशियम?" त्यांनी विचारलं.

"चढतंय." डॉक्टरने घोटभर पाण्यात भुकटी कालवून काकांना दिली आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. "याने थोडा वेळ मिळेल, बास. तुमचे कागद पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर आहेत, मी सकाळीच कप्तानाशी बोललोय. दीड वाजता पायलटची बोट येतेय. धुकं विरळ झाल्यावर जहाज आत नेणारा माणूस ती घेऊन येईल. ती परत जाताना तुम्हाला नेईल. बाजूच्या दारातून उतरायचं. शिडीच्या सात पायऱ्या."

"आणि थांबलो तर?" काकांनी विचारलं.

"तर कदाचित चारला धक्क्याला लागू. कदाचित आठला. मी सांगू शकत नाही."

काकांनी बाईंकडे पाहिलं. जहाज निवडताना महिनाभर चाललेलं सगळं आता या एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं, आणि या वेळी वाद घालायला कोणाकडेच श्वास नव्हता.

"उतरू," बाई म्हणाल्या.

बाजूचं दार उघडलं तेव्हा थंड, ओली हवा आत आली. खाली नारिंगी बोट वर-खाली होत होती, कधी दोन हात जवळ, कधी दोन पुरुष खोल. काकांच्या कमरेला पट्टा बांधला. खलाशी सांगू लागला, दोन्ही हातांनी घट्ट धरा. "डाव्या हाताने नाही!" बाई ओरडल्या. "त्या हाताला ताण द्यायचा नाही!"

काकांनी उजव्या हाताने दोर धरला आणि पाठमोरे होऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवला. एक पायरी. श्वास. दुसरी. श्वास. चौथ्या पायरीवर ते थांबले आणि डोकं शिडीला टेकवलं. बाईंना त्यांची छाती भात्यासारखी हलताना दिसत होती. वरून खलाशाने पट्ट्याचा दोर ताणून धरला. खाली बोट वर आली, गेली, पुन्हा वर आली.

"अहो," बाई दारातून वाकून म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "तीनच राहिल्या. आतल्या माणसाला हसवायचं असतं ना? मला सुचत नाहीये हो काही."

काकांचे खांदे हलले. खोकला की हसू, ते कळलं नाही. पाचवी. सहावी. बोट वर आली तेव्हा दोन माणसांनी त्यांना कमरेला धरून आत ओढून घेतलं. पाठोपाठ बाई उतरल्या. कशा उतरल्या ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. फक्त तळहातांना लागलेला दोराचा खरखरीतपणा आठवला.

बोट चाळीस मिनिटं धुक्यातून गेली. काका बसून होते, तोंड उघडं, ओठ निळसर. बाईंनी त्यांचं मनगट धरून ठोके मोजले, चुकले, पुन्हा मोजले. धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. अर्ध्या तासाने वॉर्डाचं दार आलं, आणि दारात सिस्टर कमरेवर हात ठेवून.

"चढा काट्यावर," सिस्टर म्हणाल्या. "तीन किलो शंभर ग्रॅम जास्त. सूप?"

काकांनी मान डोलावली.

"मेलं ते सूप." सिस्टरनी पाचची वाट पाहिली नाही. कोणाला तरी उठवून, कोणाला तरी थांबवून त्यांनी खुर्ची मोकळी केली होती. पावणेचारला सुया टोचल्या गेल्या. साडेचारला ओठांचा रंग परतला. पाचला काका झोपले, उशी एकच घेऊन.

तेव्हा कुठे बाई बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. जमीन हळूच डावीकडे कलली, मग उजवीकडे. त्यांनी बाकाची कड धरली. शेजारी एक म्हातारी बसली होती, आतल्या कोणाची तरी आई असावी.

"चक्कर येतेय का गं?" तिने विचारलं. "पाणी आणू?"

"नको," बाई म्हणाल्या. "आत्ताच जहाजातून उतरलोय आम्ही."

"जहाजातून? बाई गं! कसं असतं?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि कुठून सुरुवात करावी तेच त्यांना कळेना. बादलीपासून, की दीपगृहापासून. म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन, सरकून जवळ बसली. आतून मशीनचा संथ आवाज येत होता आणि अजून जवळजवळ तीन तास बाकी होते.

"आधी सांगते," बाई म्हणाल्या, "जहाजं दोन होती. आम्ही गेलो ते तिसरंच."